अनुमती, मनाई आणि छायाचित्र : शिर्डीच्या उपाहारगृहांतील एका वादप्रकाराची पूर्वपीठिका

१

उपाहारगृहात बसलेल्या गिऱ्हाइकाने समोरच्या ताटाचे, भिंतीवरील दरपत्रकाचे किंवा अर्धवट उघड्या दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघराचे छायाचित्र घ्यावे, वेटरने त्यास हटकावे, आणि शब्दाने शब्द वाढत जाऊन प्रकरण गल्ल्यावर बसलेल्या मालकापर्यंत जावे, हा प्रकार आता कोणत्याही यात्रास्थळी अपूर्व राहिलेला नाही. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा किरकोळ प्रश्न दिसतो. गिऱ्हाईक म्हणते, पैसे मोजले आहेत. वेटर म्हणतो, पाटी वाचा. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, आणि तरीही एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नास लागू पडत नाही. एकच भाषा बोलणारे दोन पक्ष जेव्हा असे परस्परांना चुकवून बोलू लागतात, तेव्हा त्या भाषेच्या पोटात दोन निरनिराळे इतिहास वावरत असण्याचा संभव असतो. त्या इतिहासांचा मागोवा घेणे हाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनासाठी शिर्डी हे स्थळ निवडण्यास सबळ कारण आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील या गावाची कीर्ती दूरवर पसरली, तीत छायाचित्राचा वाटा फार मोठा आहे. श्रीसाईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, देह ठेवला. म्हणजे त्यांचे उत्तरायुष्य हे छायाचित्रणाचे तंत्र महाराष्ट्रात सर्वत्र परिचित झाल्यानंतरचे आयुष्य होय. ज्या गावाचा लौकिक छायाचित्राने वाढविला, त्याच गावात छायाचित्रावर मनाई असावी, यात विसंगती आहे काय, असा प्रश्न सहज उपस्थित होतो. विसंगती नाही, परंतु ती का नाही हे समजण्यासाठी छायाचित्राला लागणाऱ्या अनुमतीचे स्वरूप कसकसे पालटत गेले ते पाहावे लागते.

२

साईबाबांची अस्सल मानली जाणारी छायाचित्रे मोजकीच आहेत. त्यांतील एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेली आकृती सर्वतोमुखी झाली. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली जी संगमरवरी मूर्ती १९५४ साली समाधीमंदिरात स्थापन झाली, तिलाही आधार छायाचित्राचाच होता. सामान्यतः मूर्ती आधी असते आणि तिचे चित्र मागाहून निघते. शिर्डीत हा क्रम उलटा झाला आहे.

बाबांच्या हयातीतच त्यांच्या चित्राला दर्शनाच्या प्रतिनिधीचे स्थान मिळू लागले होते. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथात अशा अनेक कथा आल्या आहेत. नानासाहेब चांदोरकरांनी दिलेल्या मोठ्या चित्राची मेघा नावाचा सेवक दीक्षितवाड्यात पूजा करीत असे. ठाण्यास राहणाऱ्या आप्पासाहेब कुलकर्णी यांची कथा चित्राच्या पूजेपासूनच सुरू होते. माधवराव देशपांडे ऊर्फ शामा गयेस गेले असता तेथील पंड्याच्या घरी त्यांना बाबांचे चित्र दिसते आणि ते पूर्वी आपणच दिलेले होते हे त्यांना आठवते. या कथांच्या ऐतिहासिक सत्यासत्यतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, यांतील प्रत्येक चित्र कोणीतरी कोणाला तरी *दिलेले* आहे. चित्र देणारा, घेणारा आणि ज्याचे चित्र आहे तो, या तिघांमध्ये एक जिव्हाळ्याचे नाते गृहीत धरलेले आहे.

आजच्या यात्रेकरूचा अनुभव याहून वेगळा आहे. समाधीमंदिरात जाण्यापूर्वी त्याला आपला मोबाइल फोन बाहेर जमा करावा लागतो. असा निर्बंध केवळ शिर्डीतच आहे असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतील मंदिरांत मोबाइल फोन नेण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले, तेव्हा मंदिरांचे पावित्र्य व शुचिता राखणे हा हेतू त्यामागे होता. गाभाऱ्यासमोरील निर्बंध भाविक सहसा निमूटपणे पाळतो, कारण तेथे मनाई कोणाच्या नावाने केली आहे हे त्याला ठाऊक असते. दर्शन आटोपून, फोन परत घेऊन तोच भाविक जेव्हा समोरच्या उपाहारगृहात शिरतो, तेव्हा तो भाविक राहत नाही, गिऱ्हाईक होतो. वादास प्रारंभ होतो तो या स्थित्यंतरानंतर.

३

आता छायाचित्रणाच्या इतिहासाकडे वळणे अवश्य आहे. १८३९ साली दागेरचे तंत्र पॅरिस येथे जाहीर झाले आणि थोड्याच काळात ते हिंदुस्थानात पोहोचले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचे वर्गही निघाले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातील नामांकित नावे होत.

या आरंभीच्या काळात चित्र घेण्यासाठी समोरच्या माणसाला बराच वेळ निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. तात्पर्य, ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्या सहकार्यावाचून चित्र निघणेच अशक्य होते. अनुमती मागण्याची निराळी पद्धत तेव्हा रूढ नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. निश्चल बसणे हीच अनुमती होती. फोटो काढल्याने आयुष्य घटते, ही त्या काळी प्रचलित असलेली समजूतही या दृष्टीने पाहावी. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, तेव्हा त्यांनाही अशा समजुतीचा उपद्रव झाल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. या समजुतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तिने सामान्य माणसाच्या हाती नकार देण्याचे एक साधन ठेवले होते, हेही तितकेच खरे. अनुमतीचा प्रश्न व्यावसायिकांनीही कसा सोडविला याचे उत्तम उदाहरण म्हणजे राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी काढलेला स्वतंत्र स्टुडिओ. तेथील छायाचित्रणाचे काम एका युरोपियन बाईंकडे सोपविलेले होते. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांचे चित्र निघावे, परंतु ते कोणाच्या नजरेसमोर हे त्यांच्या रीतीप्रमाणे ठरावे, अशी ती योजना होती.

शुष्क काचपट्टिकेच्या शोधाने आणि पुढे १८८८ साली बाजारात आलेल्या कोडॅकच्या सुटसुटीत कॅमेऱ्याने ही घडी विस्कटली. क्षणार्धात चित्र निघू लागल्याने समोरच्याचे सहकार्य अनावश्यक ठरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० साली, वॉरेन आणि ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी खाजगीपणाच्या हक्काविषयीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात क्षणिक छायाचित्रांच्या उपद्रवाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कालक्रम योगायोगाचा नव्हे.

जर्मनीतील बिस्मार्कचे प्रकरण तर आपल्या विषयास विशेष उद्बोधक आहे. १८९८ साली बिस्मार्कच्या मृत्यूनंतर दोन छायाचित्रकार रात्री चोरून त्याच्या शयनगृहात शिरले आणि त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र घेतले. कुटुंबीयांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु तो देताना आधार घेतला तो चित्राचा नव्हे, घराचा : दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरून मिळविलेली वस्तू जवळ बाळगता येणार नाही, असा. हा आधार अपुरा आहे हे लवकरच ध्यानात आले, आणि १९०७ साली जर्मन विधिमंडळाने माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क कायद्याने मान्य केला. घराचा हक्क आणि प्रतिमेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या प्रकरणाने स्पष्ट केला. उपाहारगृहातील वादात हेच दोन हक्क एकमेकांत मिसळलेले असतात. गिऱ्हाईक चोरून शिरलेले नसते, त्याला बोलावलेले असते. म्हणून केवळ घराच्या हक्काने त्याला निरुत्तर करता येत नाही.

४

कॅमेऱ्याने घडविलेले हे स्थित्यंतर मराठी भाषेनेही आपल्या परीने नोंदवून ठेवले आहे. ‘तसबीर’ हा अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला स्त्रीलिंगी शब्द, ‘छबी’ हाही स्त्रीलिंगी, ‘फोटो’ पुल्लिंगी, आणि ग्रांथिक भाषेत स्थिरावलेला ‘छायाचित्र’ हा शब्द नपुंसकलिंगी. नामे पालटली तरी ‘काढणे’ हे क्रियापद मात्र चित्रकलेकडून वारशाने आले आणि टिकून राहिले. चित्र काढतात, तसबीर काढतात, तसाच फोटो काढतात.

परंतु याहून महत्त्वाचा भेद वाक्यरचनेत आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘आम्ही अमक्याकडून फोटो काढून घेतला’ अशी रचना नित्याची होती. या वाक्यात कर्ता आहे तो ज्याचे चित्र निघाले तो; छायाचित्रकार ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाने जोडलेला, म्हणजे साधनस्थानी आहे; आणि ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचे फळ कर्त्याकडे येते असे दर्शविते. स्टुडिओत जाऊन, ठेवणीतले कपडे घालून, पैसे मोजून बसणाऱ्या माणसाचे हे व्याकरण आहे. ‘त्याने माझा फोटो काढला’ या आज सर्वत्र ऐकू येणाऱ्या वाक्यात तोच माणूस कर्तृपदावरून षष्ठीत उतरलेला दिसतो. क्रिया त्याच्यावर घडते. तो ती घडवीत नाही. ही दुसरी रचना पूर्वी नव्हती असे नाही. पहिलीचे क्षेत्र आकुंचित होऊन दुसरीचे विस्तारले, आणि तो विस्तार कॅमेरा ज्याच्या-त्याच्या खिशात आल्याने झाला, एवढेच म्हणावयाचे आहे.

उपाहारगृहातील पाटीचे व्याकरण याहून निराळे आहे. ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे’ या वाक्यात मनाई करणारा कोणीच नाही. ज्यास मनाई आहे तोही नाही. क्वचित् खाली ‘हुकुमावरून’ असा शब्द असतो, पण हुकूम कोणाचा हे लिहिलेले नसते. ‘सक्त’, ‘मनाई’, ‘हुकूम’ हे तिन्ही शब्द अरबी-फारसी परंपरेचे असून मराठीत ते दरबारी व कचेरीच्या व्यवहारातून रुजले. याउलट अन्नदानाच्या प्रसंगी वापरले जाणारे यजमान, अतिथी, पाहुणा, पंगत हे शब्द घरगुती व धार्मिक जीवनातील आहेत. आणि ‘गिऱ्हाईक’ हा शब्द बाजारातला. मराठी माणूस ज्याला ‘हॉटेल’ म्हणतो ते मूळ इंग्रजी अर्थाप्रमाणे उतरण्याचे ठिकाण नसून बहुधा चहाफराळाचे ठिकाण असते. घर, बाजार आणि कचेरी या तिन्हींच्या सीमेवर ते उभे आहे. आत येणाऱ्याला तेथे ‘या, बसा’ म्हणून पाहुण्यासारखे बोलावले जाते, बिल देताना तो गिऱ्हाईक असतो, आणि फोन वर करताच तो हुकूम मोडणारा ठरतो. एका तासात तीन नाती पालटली तर माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस आवाज चढवितो.

५

उपाहारगृहात कोणी कोणाकडे पाहावे, हा प्रश्न कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे. जेवणाऱ्याकडे टक लावून पाहू नये, दृष्ट लागते, हा संस्कार महाराष्ट्रातील घराघरांत होता. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने हाताळला. स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी त्यांनी ‘फॅमिली रूम’ म्हणून आडोसे केले, आणि भिंतींवर मोठमोठे आरसे लावले. आरशांमुळे जागा ऐसपैस दिसे, आणि गल्ल्यावरून मालकाला सर्व टेबलांवर नजरही ठेवता येई. त्यांच्या भिंतींवरील सूचनांच्या लांबलचक याद्या इतक्या प्रसिद्ध झाल्या की कवी निस्सीम इझिकेल यांनी त्यांवर ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’ ही इंग्रजी कविताच रचली. तात्पर्य, उपाहारगृहात नजर ठेवण्याचा अधिकार परंपरेने मालकाचा आणि सूचना पाळण्याचे कर्तव्य गिऱ्हाइकाचे, अशी वाटणी पूर्वीपासून झालेली होती.

आज आरशाची जागा सीसीटीव्हीने घेतली आहे. ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटी आणि छायाचित्रास मनाई करणारी पाटी एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लटकलेल्या आढळतात. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाचे चित्रण न विचारता करतो आणि गिऱ्हाइकाने मालकाच्या भिंतीचेही करू नये म्हणतो. गिऱ्हाइकाच्या संतापाला येथे खरोखरीच आधार आहे. तो केवळ उद्धटपणा आहे असे मानणे अन्यायाचे होईल.

तथापि या चित्रात एक तिसरा माणूस आहे, आणि वादाच्या भरात त्याचा विसर पडतो. तो म्हणजे वेटर. मनाईचा हुकूम त्याने काढलेला नसतो. तो अमलात आणण्याचे काम मात्र त्याच्यावर येते, आणि त्याची अंमलबजावणी करतानाचे त्याचे चढ्या आवाजातले क्षण तेवढे फोनमध्ये टिपले जाऊन दूरदूर पसरतात. गावोगावहून पोट भरण्यासाठी आलेल्या या माणसाला आपला चेहरा कोठे व कोणत्या मथळ्याखाली दाखविला जात आहे याचा पत्ताही नसतो. मालकाला पाटीचा आडोसा असतो, गिऱ्हाइकाला बिलाचा असतो. वेटरला कशाचाच नसतो. शेजारच्या टेबलावर लेकुरवाळे कुटुंब जेवत असेल तर तेही त्याच स्थितीत असते. प्रतिमेच्या हक्काचा प्रश्न वस्तुतः या माणसांचा आहे, भिंतीचा वा ताटाचा नव्हे.

६

भारतातील कायदा या भेदाला बऱ्याच अंशी अनुकूल आहे. उपाहारगृह ही खाजगी जागा असून तेथील प्रवेश म्हणजे मालकाने दिलेली परवानगी होय. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात अशा परवानगीची व्याख्या आहे आणि ती मागे घेता येते असेही तत्त्व आहे. परंतु मोबदला घेऊन दिलेली परवानगी उपभोग पुरा होण्यापूर्वी व परवानगी घेणाऱ्याचा दोष नसताना काढून घेतल्यास त्याला भरपाई मागता येते, हेही त्याच अधिनियमात सांगितले आहे. म्हणजे मालकाला आपल्या जागेसाठी अट घालता येते व ती न पाळणाऱ्यास बाहेर जाण्यास सांगता येते. फोन हिसकावण्याचा अथवा त्यातील चित्रे बळाने पुसावयास लावण्याचा अधिकार मात्र त्यास अथवा त्याच्या नोकरास मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने, खाजगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात विशद केला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला मूलभूत हक्काचे स्थान दिले. हा हक्क व्यक्तीचा आहे, भिंतीचा नव्हे. अन्नात दोष आढळल्यास गिऱ्हाइकाने काय करावे याचीही तरतूद आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने खरेदीदाराला शुल्क भरून अन्नाचे पृथक्करण करून घेण्याची मुभा दिली आहे. मात्र आपला तसा मानस विक्रेत्यास खरेदीच्या वेळी कळविणे आवश्यक आहे. या तरतुदीचा बोध मार्मिक आहे. पुरावा गोळा करण्याचा हक्क मान्य करतानाच कायदा तो उघडपणे, सांगून बजावावयास लावतो. १८८८ पूर्वीच्या छायाचित्रणात जी अनुमती क्रियेतच अनुस्यूत होती, ती येथे बोलण्याच्या रूपाने परत आणलेली दिसते.

७

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, उपाहारगृहातील हा वाद छायाचित्राच्या उपद्रवामुळे जितका होतो, त्याहून अधिक तो अनुमती मागण्याची भाषा लोपल्यामुळे होतो. जोपर्यंत निश्चल बसणे हीच अनुमती होती तोपर्यंत ती शब्दांत मागावी लागत नव्हती. यंत्राने ती अनावश्यक केली, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी समाजाने कचेरीतून मनाईची भाषा उसनी आणली. ही भाषा कर्ता सांगत नाही, कारण सांगत नाही आणि भेदही करीत नाही. ताट, दरपत्रक, स्वयंपाकघर, वेटरचा चेहरा आणि शेजारच्या टेबलावरील मूल या सर्वांना ती एकाच ‘सक्त मनाई’त कोंबते. म्हणून ती पाळणाऱ्याला पटत नाही आणि अमलात आणणाऱ्याला समर्थित करता येत नाही.

‘कर्मचाऱ्यांची व इतर ग्राहकांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत, ताटाची खुशाल काढावीत’ असे वाक्य पाटीवर लिहिले, आणि खाली मालकाचे नाव घातले, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. त्या वाक्यात विचारण्याची क्रिया आहे, ज्याला विचारावयाचे तो माणूस आहे, आणि सांगणाऱ्याची जबाबदारीही आहे. ‘श्रीसाईसच्चरिता’तील कथांमध्ये चित्र हे दिले जाते व घेतले जाते. देणाऱ्याच्या हाताशिवाय ते कोठेही पोहोचत नाही. ज्या गावाच्या परंपरेत चित्राचा असा व्यवहार होता, त्या गावच्या उपाहारगृहात वेटरला ‘तुमचा फोटो काढू का?’ असे विचारले जावे, आणि ‘नको’ म्हणण्याची त्याला मुभा असावी, ही अपेक्षा परंपरेस सोडून नाही.